सोड

पहिले सहा आठवडे डुकराचं नावही काढायचं नाही.
तामाहौ काकाने साखळी माझ्या हातात दिली
आणि कुरणाकडे बोट दाखवलं:
शेजाऱ्याच्या तीनशे मेंढ्या, नुकत्याच भादरलेल्या.
"यांच्यातून चाल. बस्स, चाल."
पिपी तेव्हा सात महिन्यांची.
आमच्या किनाऱ्यावर पिपी नावाचे शिंपले मिळतात,
नखाने उघडत नाहीत. तिचा जबडा पाहून नाव पडलं.
साखळी ताणली की थांबायचं, सैल झाली की निघायचं,
दिवस मावळेपर्यंत एवढाच धडा.
कोण कुणाला शिकवतंय, पाय दुखायला लागल्यावर कळेनासं झालं.

"धर शिकवावं लागत नाही," काका म्हणायचा,
"ते आईच्या दुधातून येतं.
माझं सगळं काम दुसऱ्या शब्दाचं."

मग एका शनिवारी ओपोटिकीच्या मागच्या डोंगरात
नेच्यांच्या सावलीत पेंढा भरलेला किवी ठेवून
सरकारी बाई वाट बघत बसलेल्या.
पिपीने पिसांत नाक घातलं,
गळ्यातल्या पट्ट्याने एक झटका दिला
आणि ती उडाली, जमीनच चावल्यासारखी.
प्रमाणपत्र मिळालं. वर तिचं नाव, खाली माझी सही.
त्या रात्रीपासून ती आत्याच्या पिसांच्या उशीला
वळसा घालून जाते. आत्या हसते.
मला हसू येत नाही.
जे कधी चावणार नाही त्याचं भय
मी अर्ज भरून तिला दिलं.

गिब वेगळ्या शाळेतला.
म्हातारा, दीड कानाचा, बरगड्यांवर सतरा टाके,
काकाने गळाच्या दोऱ्याने घातलेले.
गिब भुंक्या. डुकराच्या तोंडापुढे हातभर अंतर राखून
थकलेली उधारी मागणाऱ्या वाण्यासारखा ओरडत राहतो,
जागचा हलत नाही, हलू देत नाही.
पिपी धरण्यांच्या जातीची. तिला हातभर म्हणजे किती, ठाऊक नाही.

जून, म्हणजे इथला हिवाळा. दहिवर गोठलेलं.
ओढ्याच्या उगमाकडून गिबचा आवाज आला.
काकाने कान दिला. "एका जागी आहे. सोड तिला."
छातीवर चामड्याचं कवच बांधलेली पिपी सुटली.
मग वेली, चिखल, माझेच गुडघे,
आणि एक किंकाळी जी कुत्र्याची नव्हती.

तिने कान धरला होता,
शिकवला तसाच, मुळाशी.
डुकरीण काळी, थोराड, मागचा पाय लटपटत,
आणि उन्मळलेल्या रिमूच्या मुळांत
पिल्लं. पाच, की सहा.
एक तर मुळालाच लुचत होतं.

काकाने सुरी काढली होती.
ही जात कुरण नांगरून ठेवते,
ओलं कोकरू उभ्या उभ्या खाते, मलाही माहीत आहे.
घरचा फ्रीझर रिकामा होता, तेही.

"सोड," मी म्हटलं.
मोठ्याने नाही. स्वयंपाकघरात म्हणतो तसं.

शिंपला उघडला.
पिपी मागे सरकली, ओठांत राठ केसांचा झुपका,
डोळे माझ्यावर: आता?
त्या "आता"चं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं.

पिल्लं आधी गेली. मग ती, तीन पायांवर,
मागे न बघता.
गिब चार पावलं भुंकत गेला आणि
देणेकरी गाव सोडून गेल्यासारखा परत आला.

काका काही बोलला नाही.
कोरडी सुरी त्याने पँटला दोनदा पुसली.
खाली गाडीपाशी पोचल्यावर म्हणाला,
"पहिल्याच हाकेला सुटली. पहिल्याच."
कुणाला म्हणाला ते कळलं नाही,
आणि थर्मासातला चहा, रोज मला आधी देतो तो,
स्वतःच प्यायला.

मागे पिंजऱ्यात पिपी बसली होती.
तो झुपका तिने अजून
गिळलाही नव्हता, थुंकलाही नव्हता.