पावतीपुस्तक

क्लबात माझी कामं दोन: हिशेब ठेवणं
आणि शर्यतीत सुकाणूवर बसून ओरडणं.
गणित बरं, म्हणून पहिलं.
वजन बेचाळीस किलो, म्हणून दुसरं.

आठ वल्ही घ्यायची होती. जुन्यांना भेगा,
भेगांत एम-सील, एम-सीलवर रंग.
चैत्रापासून ट्रॉम्बेच्या गल्ल्या पालथ्या घातल्या.
शकूर पंक्चरवाला, शंभर.
वैत्यांची मोठी सून, नवऱ्याला न सांगता, दोनशे.
बर्फाच्या कारखान्याने नुसती आश्वासनं दिली
आणि एक लादी, सरबतासाठी.
चांगुणाबाईने सुकटीच्या टोपलीखालून
एक्कावन्न काढले, ओलसर.
"पावतीवर नाव नीट घाल गो."

शर्यतीत शेवटच्या वळणाला आम्ही पाचवे.
खाडी ओहोटीला लागलेली,
मनवेलच्या तळव्याची साल निघालेली,
आणि माझं एक-दोन, एक-दोन
कुणाच्या कानात शिरेना.
मग तोंडात आलं ते पावतीपुस्तक.
शकूर!
आठ पाती एकदम पाण्यात.
वैतीण!
चांगुणा! चांगुणा!
बर्फवाल्यालाही हाक मारली, रागाने.
तो हात सगळ्यांत लांब गेला.

तिसरे आलो. ढाल माहुलला गेली.

संध्याकाळी जेटीवर चांगुणाबाई
वल्ह्यांपाशी उभी. "ह्यात माझं कुठलं?"
हिशेबात तसं काही लिहिलेलं नव्हतं.
मी मनवेलच्या वल्ह्याचं पातं दाखवलं.
तिने ते पदराने पुसलं,
दोन्ही हातांनी उचलून पाहिलं.
"हलकंच आहे की," म्हणाली,
"पुढल्या वर्षी शंभर देते."