डाव्या मागचा बोल्ट

आषाढापासून एक गाडी दोन ठिकाणी उभी होती.
हौदा चार पिंपांवर, शेडच्या आत,
चासी बाहेर फणसाखाली, चिऱ्यांवर.
मधे पंधरा पावलं
आणि सगुण मेस्त्रींचा झोपलेला कुत्रा.

बारा वर्षं बर्फाचं पाणी ठिबकलं होतं तिच्यावर,
बांगड्याचं, सुरमईचं, कधी नुसत्या मोरीचं.
वरून हौदा निळाशार, देवाचं नाव लिहिलेला.
खाली चासीला बोट लावलं
की शिळ्या भाकरीसारखे पापुद्रे.

इनासने तीन दिवस गंज घासला,
कुजलेलं कापून नवी पट्टी डागली,
रेड ऑक्साइडचे दोन हात दिले.
फक्त चार बोटं जागा तशीच सोडली,
जिथे नंबर कोरलेला असतो.
"तां तिचा नाव," म्हणाला. "तां घासूचा नसता."

ट्रकच्या टायरमधून मी सहा ठोकळे कापले.
मेस्त्रींनी एकेक दाताखाली धरून पाहिला.
"लोखंडाक लोखंड टेकला की भांडणा.
मधी कायतरी मऊ व्हया."
मी वहीत लिहिणार होतो.
"आणि तुझा आयटीआयचा सर्टिफिकेट," ते म्हणाले,
"गंजाक दाखय."

मग चासी आत ढकलली.
चेन-कप्पी कुरकुरली.
मी सगळ्यात बारीक, म्हणून खाली,
पाठीखाली पोतं, दातांत बॅटरी, मुठीत पाना.
वरून एक अख्खं आभाळ उतरत होतं,
चिखलाचं, वेल्डिंगच्या व्रणांचं,
त्यात कुठल्या तरी लिलावाच्या दिवशीचा
एक वाळलेला झिंगा चिकटलेला.

"वायच सोड."
कप्पी दोन दात.
"वायच."
एक दात.
"थांब!"
आणि माझ्या नाकापासून वीतभरावर
आभाळ थांबलं.

पाच भोकं पाच भोकांवर आली.
पाच बोल्ट हातानेच गेले, सैल.
आधी सगळे सैल, आवळायचं मागाहून,
कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात.
डाव्या मागचा मात्र आत जाईना.
वरच्या भोकातून खालचं भोक दिसे,
अर्धंच, अमावस्येच्या आदल्या चंद्रासारखं.

"अर्ध्या बोटान चुकता," मी खालून ओरडलो.
"भोक मोठा करूया काय?"
"मोठा केलंस तर सैलपणो जल्माचो."

पिंपं सारख्या उंचीची नव्हती, आता लक्षात आलं.
तीन महिने हौदा त्यांच्यावर निजला
आणि त्यांच्यासारखा झाला.
इनासने पहार घातली, मेस्त्रींनी लाकडी हातोडा.
रंगाचा एक टवका उडाला. बाकी काही हललं नाही.

तेवढ्यात गुणवंतीबाय तांडेल आली.
गाडी तिची. रोज विचारायला यायची,
रोज पाटी टेकवून पाणी मागायची.
मेस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे,
मग परत तिच्याकडे.
"बाय, तुमी बाजारातसून येतास तेव्हा खय बसतास?"
"खय म्हणजे? थयच. डाव्या अंगाक, मागे."
"मगे बसा."
"माका काय धोंडो समाजलंस?"

पण ती चढली.
लुगडं सावरत, शिव्या देत,
रिकामी पाटी मांडीवर घेऊन
बारा वर्षांच्या आपल्या जागी बसली.

मला ती दिसली नाही.
पत्र्याने एक सुस्कारा टाकलेला ऐकू आला,
आणि खालच्या भोकातला काळोख
सरकत सरकत गोल झाला.

"गावला?"
"गावला!"
"आवळ. बाय, उठू नकात."

ती बसून राहिली आम्ही सहाही आवळेपर्यंत.
भाव सांगत होती, कोळंबीचा, बर्फाचा,
आणि मधेच पोटातून हसत होती,
तेव्हा पाना माझ्या हातात थरथरायचा.

संध्याकाळी इनासने नंबरावर कागद धरला,
पेन्सिल आडवी घासली.
राखाडीतून आकडे वर आले, दोन जरा झिजलेले.
कागद ऑफिसात द्यायचा होता.
त्याने तो फुंकर मारून घडी केला,
एखादं प्रसादाचं फूल ठेवावं तसा खिशात ठेवला.

गाडी परवा गेली, लिलावाला.
माझ्या खिशात एक वायसर उरलाय.
कुठल्या बोल्टचा, आठवत नाही.
मेस्त्रींना अजून सांगितलेलं नाही.