वाघाचं वजन

पडदा माझाच होता. नाटक कंपनी मोडली तेव्हा
पगाराऐवजी पदरात पडलेला,
पुढून राजमहाल, मागून कोरा.
ग्रामपंचायतीच्या भिंतीला तो उलटा बांधला,
तरी निळा खांब आरपार दिसत होता
आणि नायक दोनदा त्या खांबातून चालत गेला.

मग वाघ आला.
केस न् केस वेगळा, मिशीवर दंव,
झेप अशी की सतरंजीवरचं एक पोट्टं
मायच्या पदरात घुसलं.

सुकमाबाई हसली.
"याच्या पायाखाली गवत दबत नाई गा."
तिनं पाहिलेला आहे. चैतातल्या पहाटे, मोहफुलं वेचताना,
बारा हातांवर,
टोपली डोक्यावर उलटी धरून.
"खरा येते तं आदी वांदरं बोलतेत.
मंग सारं जंगल गप.
आनि तो उडी नाई मारत. पायते.
पायतच रायते.
तुमच्या वाघाले लय घाई हाय बाप्पा."

मग सगळेच सुटले. रबराचा आहे. कार्टून आहे.
वनखात्यातला मडावी म्हणाला, शेपटी चुकली.
मीही हसलो असतो,
पण मी अकरा वर्षं वाघ होतो.

मंडईच्या नाटकात, तिसऱ्या अंकात, रात्री दोनच्या सुमारास.
गोणपाटावर पेवडी, काजळीचे पट्टे,
शेपटीत सायकलची ट्यूब.
सिंदेवाहीला एकदा गुडघ्यावर उसवलो
आणि पट्ट्यांमधून माझा पायजमा दिसला.
तरी माणसं श्वास धरून बसली.
ही सुकमाबाई, तेव्हा नवी नवरी,
किंचाळून जावेला बिलगली होती.
माझ्या पायाखाली तर गवतच नव्हतं.
फळ्या होत्या, त्याही वाजायच्या.
वाघाला टाचा कशा, कोणी विचारलं नाही.
मला वाटायचं, अर्धा वाघ आम्ही न्यायचो,
अर्धा लोक घरून आणायचे.
याने सगळाच आणला,
लोकांना मोजण्याशिवाय काम उरलं नाही.

प्रज्वल गुरनुले प्रोजेक्टरच्या वायरीपाशी उभा होता.
सिनेमा त्यानंच आणलेला, पुण्याहून,
त्यात त्याचं नाव आहे म्हणून.
मी म्हटलं, वाघ तुझा का रे?
"नाई मामाजी. मी तारा पुसल्या."
नायिका विहिरीत उतरते तिथं तिच्या पाठीला दोर होता,
मागं एक टॉवर, काठावर पाण्याची बाटली.
चार महिने, एकेक चित्र.
"त्या सीनले कोन काय म्हनलं?"
कोणी काही नाही.
सुकमाबाईनं तिथं डोळे पुसले होते.
"मंग जमलं," तो म्हणाला,
पण तोंड जमल्यासारखं नव्हतं.

वाघाचं असं, की आधी तो बिबट होता.
शेवटी शेवटी साहेब म्हणाले, लहान वाटतो, वाघ करा.
दिवस दिले अकरा.
ज्या पोरांनी केला त्यांनी वाघ पाहिलाय?
"फोनमंधी."

गवत दबायलाच पाहिजे, त्यात मला शंका नाही.
जिनं टोपली डोक्यावर धरली
तिला तेवढं म्हणायचा हक्क आहे.
पण हसू पोरांवर पडलं,
साहेब पडद्यावर कुठं नव्हताच.

नावं सुरू झाली तेव्हा लोक सतरंज्या झटकत होते.
प्रज्वल म्हणाला, आता, आता, उजवीकडं,
आणि सुकमाबाई चप्पल शोधत मध्ये आली.
त्याचं नाव तिच्या पाठीवरून वर सरकलं,
अंबाड्यापाशी वाकडं झालं, गेलं.
"काय झालं गा?"
काही नाही, तो म्हणाला.

पडद्याची घडी घालायला तिनंच एक टोक धरलं.
"तुमचा वाघ बरा होता," म्हणाली.
मी जरा ताठ झालो.
तिनं टोक माझ्या हातात दिलं.
"तवा मी खरा पायला नोता ना."