घट

विट्यात, स्टँडच्या मागं, मोबाईलच्या दुकानावर
जिना चढून डाव्या हाताला आमचं विद्यापीठ होतं.
एक टेबल, दोन बाकं, कुलगुरूंचा फोटो.
खरं विद्यापीठ तीन राज्यं ओलांडून. मी ते पाहिलं नाही,
त्यानंही मला पाहिलं नाही.
पोस्टमन तेवढा दोघांना ओळखायचा.

पुस्तकांचा गठ्ठा सुतळीनं बांधून यायचा.
सुतळी मी टाकली नाही,
परसात दोडका तिच्यावरच चढला.

नवरा रात्रपाळीला गेला, पोरं निजली
की भिंतीपलीकडच्या मागांच्या खटाखटीत
मी समाजशास्त्र पाठ करायचे.
अजूनही लाईट गेली, माग थांबले
की मला व्याख्या आठवत नाहीत.

स्वाध्याय पाठवायचे. लाल शाई लागून परत यायचे.
तपासणाऱ्याचं नाव नसायचं.
एकदा समासात लिहिलं होतं :
‘उत्तर पुस्तकातलं आहे. तुमच्या गावातलं उदाहरण का नाही?’
दोन दिवस भांडी घासताना
मी त्या माणसाशी भांडत होते. माणूस की बाई, तेही ठाऊक नाही.
मग स्थलांतरावर लिहिलं, आमच्याच आळीचं.
गलाईवाले कोण सेलमला, कोण कटकला,
दुसऱ्यांचं सोनं गाळून यात्रेपुरते घरी येतात,
आणि अकरा महिने शेजारची सखूआत्या
सात घरांच्या कुलपांना तेल घालते.
स्वाध्याय परत आला. खाली एकच ओळ :
‘हे मला माहीत नव्हतं.’

पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी
सांगलीला गेले कागद घेऊन.
शिकलगारसाहेब चांगले. खुर्ची दिली, यादी काढली,
पट्टी ठेवून ओळीओळीनं खाली आले.
म्हणाले, ताई, ह्या विद्यापीठाची मान्यता इथपर्यंत आहे.
पुन्हा इथून पुढं आहे.
मधली दोन वर्षं नाही.
आणि तुम्ही नेमक्या मधे.

मधे थोरलीला गोवर निघाला होता.
मधे सासूबाईंचं ऑपरेशन, अर्थशास्त्राचा दुसरा पेपर,
पेपरच्या आदल्या रात्री वेचलेली ज्वारी.
एवढं सगळं कुणाच्या यादीत नसलेल्या वर्षांत
कसं काय मावलं, कोण जाणे.

येताना तो जिना चढले.
आता तिथं ब्युटी पार्लरचा कोर्स आहे.
फलकावर लिहिलंय : सरकारमान्य.
मी विचारलं, कुठल्या सालापर्यंत?
पोरगी हसली. तिला वाटलं, मला फेशियल करायचंय.

यात्रेला हिंदुरावभाऊजी आले सेलमहून.
तेजाबानं पिवळी पडलेली बोटं,
माझं गुणपत्रक त्यांनी सवयीनं उजेडात धरलं.
‘वैनी, गाळायला टाकलं की घट येतीच.
गिऱ्हाईक पयलं त्येच इचारतंय, घट किती?
ऱ्हायलं त्यावर शिक्का.’
म्हटलं, आणि शिक्का मारणाऱ्याचाच परवाना
त्या वर्षी संपलेला असला तर?
चहा निवेपर्यंत ते बोलले नाहीत.
मग म्हणाले, ‘सोनं सोनंच की वो.
पन इकाय गेल्यावर...’
आणि तिथंच थांबले.

तो ‘पन’ महिनाभर घरात होता.
चुलीपाशी, पंख्याखाली, नवऱ्याच्या डब्यात.

जूनमध्ये पुन्हा फॉर्म भरला. पहिलं वर्ष.
ह्या वेळी आधी यादी पाहिली,
साल पाहिलं, सालाच्या पुढचं साल पाहिलं.
‘यापूर्वीची पदवी’ असा रकाना होता.
तिथं आडवी रेघ मारताना
पेन अडलं, दोनदा झटकावं लागलं.

पुस्तकं आता मोबाईलवर येतात. सुतळी नाही.
पहिला स्वाध्याय तोच :
स्थलांतराची कारणे सोदाहरण स्पष्ट करा.
मला येतंय. तरी घाई करत नाही.
सखूआत्या गेली. कुलपं आता नऊ झालीत,
तेल मी घालते.
हेही कुणालातरी माहीत नसेल.