खिळे ठोकणाऱ्याचं म्हणणं

एउलालिया वाराचीच्या तिन्ही प्रदर्शनांत
भिंतीत खिळे मी ठोकले.
ओरुरोतल्या विटा जुन्या, चुना भुसभुशीत,
आणि हवा इतकी पातळ
की हातोडीलाही धाप लागते.

पहिल्या वर्षी तिनं वाजंत्री रंगवले.
बावन्न जणांचा बँड, प्रत्येकाच्या तोंडाजागी कुलूप.
किल्ल्या कर्ण्यांतून गळतायत,
खाली एक कुत्रा त्या चाटतोय.
बायका म्हणाल्या, हे काय, आमचा जल्लोष कुठाय?
ती म्हणाली, राखेच्या बुधवारी
विचारा त्यांच्या ओठांना.

दुसऱ्या वर्षी शिवणकाम.
एका बाईच्या पाठीला यंत्र जडलेलं,
सुई तिच्याच मणक्यांतून खाली-वर,
आणि सोनेरी कापड निघतंय ते वळसे घेत थेट
सावकाराच्या खिडकीतून आत.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात.
आमच्या गल्लीत तेही आणायचे,
तीन दिवसांपुरतं.
चौथ्या दिवशी फ्रीज जायचा, मग पलंग,
एकदा तर शेजारच्यांचं दार. नुसती चौकट राहिली,
तीत म्हातारी उन्हाला बसायची.
ते चित्र सावकारानंच घेतलं.
घासाघीस न करता.

तिसऱ्या वर्षी मुखवटे. सैतानाचे.
समोरून नाहीत,
आतून.

तिचा बाप मुखवटे घडवायचा, भाड्यानं द्यायचा,
परत आलेले पुसायचं काम नऊ वर्षांच्या पोरीकडे.
शिंगं, साप, काचेचे डोळे जगानं पाहिले.
तिनं पाहिलं ते आतलं:
घामानं काळवंडलेलं नमद्याचं अस्तर,
मक्याच्या दारूचा आंबूस वास,
कुणाच्या तरी भुवईचा केस,
एकदा अख्खा दात.
हे ती मला सांगत होती असंही नाही.
खिळ्यांची पुडी मागता मागता मध्येच बोलली.

सातवं चित्र उचललं तर जड.
कापड आणि रंगच तो, पण दोन माणसं लागली.
मुखवट्याच्या टाळूजागी कथलाच्या खाणीचं छत,
लाकडी टेकू, टेकूंवर ओली बुरशी.
डोळ्यांच्या भोकांतून दिवस आत येतोय
दोरीसारखा,
त्या दोरीला लटकून इवली इवली माणसं
उतरतायत जिभेवर.
जिभेवर रूळ. रुळांवर डबा.
डब्यात चादरीखाली कुणीतरी अजून नाचतंय,
फक्त पाय बाहेर.

लाल बूट.
डाव्याची टाच बदललेली, ट्रकच्या टायरची.

ती टाच मी बसवली होती.
धाकट्याच्या, फ्लोरियानच्या बुटाला,
शनिवारी पहाटे, कंदिलाच्या उजेडात.
खाणीनं त्याची फुप्फुसं आधीच भरून ठेवलेली;
सैतानाला नवस केला होता म्हणे, तीन वर्षं नाचेन.
ते दुसरंच वर्ष.
चौकात तो गुडघ्यावर आला तेव्हा
मागच्या रांगेला वाटलं नवी पायरी आहे.
त्यांनीही केली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँड थांबला नाही,
बँड थांबत नसतो.
मुखवटा काढायला फार वेळ लागला.
पट्ट्याची गाठ मीच मारलेली,
घट्ट.

मी तिला काही विचारलं नाही.
तो मुखवटा कुणी पुसला असेल, हेही नाही.
ती जरा वेळानं म्हणाली,
बेनिग्नो, किती उंचावर लावायचं?

माणसाच्या तोंडाइतक्या, म्हटलं.

उद्घाटनाला महापौर आले, बँकवाले आले,
खारे शेंगदाणे होते.
एकजण म्हणाला, कल्पनाशक्ती अफाट आहे हं बाईंची.
मी दाराशी उभा, हातोडी अजून खिशात.
लोक सातव्या चित्रापाशी जायचे,
डोळे त्या दोन भोकांना लावल्यासारखे वाकायचे,
आणि मागे सरताना
एकेकाचा हात नकळत
हनुवटीखाली जायचा,
गाठ चाचपायला.