निदान रेषा

अर्ज नऊ पानी आहे.
चौथ्या पानावर : मान्यताप्राप्त संस्थेचं नाव.
मी लिहिलं, गावदेवी मैदान, घणसोली.
मग व्हाइटनर लावलं.
ते वाळेपर्यंत मृण्मयीने चहा आणला.

तिच्याकडे सगळं आहे. पदवी, शिक्के,
आणि एक बारा आकडी नोंदणी क्रमांक
जो ती झोपेतही सांगेल,
जसा मी सांगेन, कुणाचा कुठला घोटा
कुठल्या साली, कुणाच्या पकडीत मुरगळला.
पहिल्या महिन्यात ती म्हणायची, "काका, शीर नव्हे, लिगामेंट."
आता म्हणत नाही.
मीच म्हणतो लिगामेंट.

सव्वीस वर्षं मी पोरं बांधली.
सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी,
आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी,
बर्फ हौसाबाईच्या मासळीच्या पाटीतला.
पोरं म्हणायची, काका, गुडघ्याला कोलंबीचा वास येतो,
आणि जायची चढाईला.

आता नियम आलाय.
नोंद नसलेल्या इसमाने खेळाडूस तपासू नये,
बांधू नये, चोळू नये,
निदान करू नये.

ह्या शब्दावर माझं बोट थांबलं.
आमच्याकडे ही एक रेषा असते,
मधल्या रेषेपासून पावणेचार मीटर.
कुणाला शिवला नाहीस तर ती तरी ओलांडून ये,
नाहीतर परत आलास तरी बाद.
मी ओलांडत आलो. पंचाने कधी शिट्टी मारली नाही.

बाकीचे मालीशवाले, पट्टीवाले, जुने मास्तर
सोमवारी बेलापूरला निवेदन घेऊन जाणार आहेत :
अनुभवाला सवलत द्या.
दशरथ केणी कागद घेऊन आला, म्हणाला, पहिली सही तुझी.
पेन माझ्या हातात होतं.

मला मयूरेश मढवी दिसला.
कोपरखैरणे, रात्रीचे साडेअकरा, चार मिनिटं बाकी.
कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर.
मी विचारलं, किती बोटं? तीन म्हणाला. तीनच होती.
"काका, काय नाय झाला. मना जाव दे."
मी तोंडावर पाणी मारलं, पाठीवर थाप दिली, जाऊ दिलं.
दोन गुण आणले त्याने. करंडक आमचा.
टेम्पोत, रबाळ्याच्या पुलाखाली,
ओकला, आणि मग बोलेना.

जगला. महापेला टायरच्या दुकानात असतो.
डाव्या हातात पाना ठरत नाही.
दर दिवाळीला पाया पडायला येतो,
म्हणतो, काका होते म्हणून वाचलो.
मी चकलीची ताटली पुढे करतो.
हे नऊ पानांत कुठं विचारलेलं नाही.

दशरथला म्हटलं, पेन चालत नाही.
त्याने आपलं पेन दिलं.
म्हटलं, हेही चालत नाही.

रविवारी मुलींचा सामना. बर्फाची पेटी माझ्याकडे.
अन्वी पडली, उजव्या कोपऱ्यात, डोक्यावर.
माझे हात आपोआप पुढे निघाले.
मी ते पेटीच्या कडीत अडकवले.
मृण्मयी गुडघ्यांवर बसली. बोटं दाखवली नाहीत तिने.
महिने उलटे म्हणायला लावले.
डिसेंबर, नोव्हेंबर, सप्टेंबर.
"बस," मृण्मयी म्हणाली. "आज नाही."
अन्वी रडायला लागली, मला काही झालं नाही, जाऊ द्या ना.
प्रशिक्षक ओरडत आला : दोन गुणांचा प्रश्न आहे,
कोण ही कालची पोर?

मी पेटी उचलून दोघांच्या मधे ठेवली
आणि तिच्यावर बसलो.
बाजूला हो, तो म्हणाला.
काय करतोयस तू?

म्हटलं, काही नाही.
निदान बसू तरी दे.