केळ्यांच्या खोक्यातले सिनेमे

बावीस वर्षं मी प्रवाशांना सांगत आले,
"जपून उतरा, खाली बर्फ आहे,"
आणि घसरले ती मीच.
घोट्याला प्लास्टर. सहा आठवडे.
पैकी पहिला सिनेमांना दिला.

खोकं हेलेव्हीने आणून टाकलं, शेजारची हेलेव्ही.
कोपऱ्यावरचं पेन्टीचं डिस्कचं दुकान बंद झालं,
जाता जाता त्याने एकतीस सिनेमे फुकट वाटले.
वर चिठ्ठी: परत आणू नका. कुणाला देणार?
खोक्याला अजून केळ्यांचा वास होता,
पहिले दोन-तीन सिनेमे तर मी त्या वासातच पाहिले.

ताम्पेरेत नोव्हेंबरचा दिवस साडेतीनलाच हात टेकतो.
मला बरं. पडदे ओढायला उठावं लागत नाही.

मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते.
सिनेमात फोन ठेवताना "बरं, ठेवते" कुणी म्हणत नाही.
घोडे पाणी पीत नाहीत.
आणि बस!
नायिकेचं रडून झालं की बस हजर,
नसेल झालं तर बस थांबून राहते,
वेळापत्रक गेलं खड्ड्यात.
तिकीट नाही, सुट्टे पैसे नाहीत,
आणि ड्रायव्हरला फक्त मान असते, मागून दिसणारी.
तोंड कुणालाच दिलेलं नाही.

एका सिनेमात एक माणूस तीन तास विहीर खणतो.
मला झोप लागली.
जागी झाले तर खणतच होता,
पण विहीर खरंच खोल झाली होती.
या दिग्दर्शकाला मी मानते.

दुसऱ्या एकात अक्षरं वरातीमागून घोडं तशी,
बाई हसून मोकळी झाल्यावर विनोद खाली यायचा.
मी दोनदा हसले, एकदा तिच्याबरोबर, एकदा स्वतःसाठी.

आणि ती चरा पडलेली डिस्क.
सत्तेचाळिसाव्या मिनिटाला माणसाचा हात दाराच्या मुठीवर
आणि तिथेच सगळं थिजलं.
पुसलं, फुंकलं, शिव्या दिल्या.
हात मुठीवरच.
हेलेव्ही म्हणाली, आत बायको आहे, सामान भरतेय.
मी म्हटलं, आत कुणी नाही, नुसती थकलेली बिलं.
दोन दिवस भांडलो.
गुरुवारी आमच्या जिन्याची सौनाची पाळी,
मला प्लास्टरमुळे बंदी.
हेलेव्ही ओल्या केसांनी, लालबुंद, थेट माझ्या दारात:
"कुत्रा आहे आत. म्हातारा. शेपटी हलवतोय."
यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.
सिनेमा संपला.

शनिवारी, की रविवार होता, नक्की आठवत नाही,
गोळ्यांमुळे दिवस एकमेकांत सांडत होते,
खोक्याच्या तळातून एक काळा-पांढरा निघाला.
आमच्याच गावात काढलेला, मी शाळेत जायच्या आधीचा.
पूल आमचाच. कठड्याला टेकून दोघं
प्रेमाबद्दल काहीतरी बोलतात, मी ऐकलं नाही,
कारण त्यांच्या मागून बस आली. आठ नंबर.
जुनं, नाकाड इंजिन. काच स्वच्छ.
आणि काचेमागे तोंड!
टोपी, जाड भुवया, दाढी करताना कापलेली हनुवटी,
निदान मला तरी कापल्यासारखी वाटली.
दोन सेकंद तो सरळ कॅमेऱ्यात पाहतो
आणि स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो.

हे लोकांना कळत नाही.
समोरून आपली बस आली की
आम्ही असंच करतो. बोटं उचलायची, एवढंच.
थंडी असो, भांडण झालेलं असो,
निवृत्तीला चार दिवस उरलेले असोत.
त्याला काय वाटलं असेल? त्या काळ्या भिंगात
समोरून कोण येताना दिसलं त्याला?

मागे नेऊन पाहिलं. पुन्हा. पुन्हा.
अकराव्या वेळी हेलेव्हीने विणकाम खाली ठेवलं.
"अगं, त्या दोघांचं पुढे काय होतं ते तरी बघू दे."
मी सोफ्यावर आडवी, पाय उशीवर,
चादरीतून हात बाहेर काढला, दोन बोटं उचलली.
"ओळखीचा आहे का?"
"नाही गं," म्हटलं. "आठ नंबरचा."